ॲप तयार, अकाउंट अडकलं: या चुका टाळा

कोड झाला, आयकॉन झाला, क्लायंटला तारीखही देऊन टाकली आणि मग कुणाला तरी आठवतं, अरे, डेव्हलपर अकाउंट (ॲप स्टोअरवर टाकण्यासाठी लागणारं खातं) काढायचं राहिलंच! पहिली चूक हीच. गूगल प्लेला एकदाच २५ डॉलर, ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर भरले की झालं, असा समज असतो. पण फी भरणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. वेळ खातात ते ओळख पडताळणी आणि टेस्टिंग. त्यामुळे कोडची पहिली ओळ लिहाल त्याच दिवशी अकाउंटचंही काम हातात घ्या.

अकाउंट कुणाच्या नावावर?

फ्रीलान्सर मंडळी हमखास फसतात ती इथे. ‘सध्या माझ्याच अकाउंटवर टाकतो, नंतर बघू’ असं म्हणून चार क्लायंटची ॲप्स एकाच अकाउंटवर चढतात. त्यातल्या एकाने नियम मोडले आणि अकाउंट बंद झालं, तर बाकीचे तिघे विनाकारण भरडले जातात. क्लायंटला त्याचं स्वतःचं अकाउंट काढायला लावा आणि तुम्हाला युजर म्हणून हवे तेवढेच अधिकार द्यायला सांगा. पासवर्ड व्हॉट्सॲपवर मागवू नका.

कंपन्यांमध्ये हीच चूक उलटी होते. अकाउंट कुठल्यातरी कर्मचाऱ्याच्या खाजगी जीमेलवर आणि ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. त्याने नोकरी सोडली की बसा शोधत.

पतसंस्थेचं ॲप करत असाल तर आणखी जपून. कर्ज, ठेवी अशा आर्थिक सेवांच्या ॲपसाठी गूगलला संस्थेचंच अकाउंट लागतं. सचिवांच्या वैयक्तिक अकाउंटवर भागत नाही. आरोग्याच्या आणि व्हीपीएन ॲपचंही तेच.

संस्थेच्या अकाउंटला डन अँड ब्रॅडस्ट्रीट या कंपनीचा, व्यवसायांची ओळख पटवणारा नऊ अंकी डी-यू-एन-एस नंबर हवा. जीएसटी नंबर त्याच्या जागी चालत नाही. हा नंबर फुकट मिळतो, फक्त थोडा धीर धरावा लागतो. एकमालकी व्यवसाय असेल तर ॲपल तुम्हाला व्यक्तीच समजतं आणि ॲप स्टोअरवर विक्रेता म्हणून मालकाचं नाव झळकतं, दुकानाचं नाही. गुमास्ता परवाना दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही.

नावाचा घोळ

पॅनवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, आधारवर मधलं फक्त आद्याक्षर, लग्नानंतर बँकेत नवं आडनाव आणि जीमेलवर ‘पप्पू’. आपल्याकडे हे सर्रास असतं, आणि पडताळणी अडते ती नेमकी इथेच. कुठलं ओळखपत्र देणार ते आधी ठरवा. त्यावर जे स्पेलिंग आहे तेच गूगलच्या पेमेंट्स प्रोफाइलमध्ये किंवा ॲपल अकाउंटमध्ये टाका, मगच फॉर्म उघडा. कंपनीचं नावही नोंदणीच्या दाखल्यावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर.

पत्त्याचाही विचार आधीच करा. वैयक्तिक अकाउंटवरून प्लेवर कमाई सुरू केली की तुमचा पूर्ण पत्ता सगळ्यांना दिसतो. घरचा पत्ता टाकणाऱ्यांना हे बहुधा नंतर कळतं.

पैसे जात नसतील तर आधी कार्ड बघा. नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात; बँकेच्या ॲपमधून ते चालू करावे लागतात. गूगलला प्रीपेड कार्ड चालत नाही.

बारा जण, चौदा दिवस

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक प्ले अकाउंटला थेट प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठी ॲप खुलं करण्याच्या टप्प्यात, जाता येत नाही. आधी क्लोज्ड टेस्ट (निवडक लोकांकडून चाचणी), त्यात किमान १२ टेस्टर, सलग १४ दिवस. (सुरुवातीला ही अट २० जणांची होती.) गडबड होते ती अशी: यादीत बारा ईमेल टाकले म्हणजे बारा टेस्टर झाले, असं वाटतं. तसं नाही. प्रत्येकाने लिंक उघडून, त्याच ईमेलने लॉगिन असताना, टेस्टर व्हायला होकार द्यावा लागतो. आत्याच्या फोनवर दुसराच जीमेल चालू असेल तर तिला ॲप दिसतच नाही, आणि ती म्हणते, ‘तुझी लिंक चालत नाही रे!’ इंटर्नल टेस्टिंगचे, म्हणजे आपल्याच टीममधल्या चाचणीचे, दिवसही यात धरत नाहीत.

दोघे-तिघे मध्येच गळतात, म्हणून पंधरा-सोळा जण धरा. पैसे घेऊन टेस्टर पुरवणाऱ्यांच्या नादी लागू नका. शेवटी प्रॉडक्शनसाठीच्या अर्जात टेस्टरनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं, हे विचारतात आणि तिथे लिहायला काहीतरी खरं हवं.

ॲपलकडे ही अट नाही, पण इन-ॲप खरेदीची (ॲपच्या आतच विकायची) उत्पादनं दिसत नसतील तर कोड उकरण्याआधी पेड ॲप्सचा करार, बँक आणि टॅक्सची माहिती पूर्ण आहे का ते तपासा. आणि वार्षिक नूतनीकरण चुकलं की ॲप स्टोअरवरून उतरतं.

पॅकेजचं नाव (कोडमधली ॲपची ओळख) ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ ठेवलंत तर प्ले ते घेणारच नाही, आणि एकदा प्रसिद्ध झालेलं नाव पुढे बदलता येत नाही.

पडताळणी फेटाळली गेली तर चिडून दुसऱ्या ईमेलवरून नवं अकाउंट काढू नका, विकत तर मुळीच घेऊ नका. गूगल अशी अकाउंटं एकमेकांशी जोडून पाहतं, आणि एक बंद झालं की त्याच्याशी जोडलेलं दुसरंही बंद होऊ शकतं. फेटाळल्याच्या ईमेलमध्ये कारण दिलेलं असतं. ते नीट वाचा, कागद दुरुस्त करा आणि त्याच अकाउंटवरून पुन्हा पाठवा.