स्ट्रॅटचा ब्रिज उचलला गेलाय?

नऊच्या तारा काढून दहाच्या, म्हणजे थोड्या जाड, चढवल्या की स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) या इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग, मागून उचलला जातो आणि लोक घाबरून गिटार माझ्याकडे आणतात. काही बिघडलेलं नसतं. लिओ फेंडरने 1954 मध्ये बाजारात आणलेल्या या गिटारचा ब्रिज मुळात तरंगता आहे. वरून तारा ओढतात, पाठीमागच्या पोकळीतून स्प्रिंगा ओढतात. ही रस्सीखेच बरोबरीत सुटली की सूर टिकतो. जाड तारांचा ताण जास्त, म्हणून त्या जिंकतात.

पाठीवरचं प्लास्टिकचं झाकण काढा. स्प्रिंगा जिथे अडकवल्यात त्या पट्टीला दोन लांब स्क्रू दिसतील. तारा थोड्या सैल करा, स्टार स्क्रूड्रायव्हरने दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळा आणि पुन्हा सुरात लावा. मग ब्रिजची मागची कड बघा: बॉडीपासून साधारण तीन मिलिमीटर हवी. नसेल तर परत तेच. कंटाळवाणं आहे, पण घाईत चार फेरे मारलेत तर दुपार गेलीच समजा.

ब्रिज हलवून सूर वर-खाली करायचा दांडा वापरतच नसाल तर स्क्रू आवळून ब्रिज सरळ बॉडीला टेकवा. गिटारवादक एरिक क्लॅप्टनने तर मागे लाकडाचा ठोकळा बसवून ब्रिजचं हलणं बंदच केलं होतं. जिमी हेंड्रिक्ससारखं दांड्याशी खेळायचं असेल, तर मात्र तरंगताच ठेवा.

सॅडल (ब्रिजवर प्रत्येक तारेखाली असलेला छोटा तुकडा) सरकवून इंटोनेशन (तार कुठेही दाबली तरी सूर बरोबर येणं) लावायचं ते हे सगळं झाल्यावरच.