मॅकवर गेम शोधताय? या चुका टाळा

नवा मॅकबुक हातात आला की पहिल्याच आठवड्यात मित्रांच्या ग्रुपवर प्रश्न पडतो, "मॅकवर व्हॅलोरंट कसं टाकायचं रे?" मग यूट्यूबच्या चार लिंक येतात. त्यातल्या दोन इंटेल चिपवाल्या जुन्या मॅकच्या जमान्यातल्या, एक क्रॅक वाटणाऱ्याची, एक नुसतीच थापेबाजी. रात्र त्यात जाते, गेम काही चालत नाही, आणि सकाळी निकाल जाहीर होतो: मॅकवर गेम नाहीत.

निकाल अगदीच खोटा नाही. विंडोजच्या मानाने मॅकवर निवडीला वाव कमीच आहे, आणि खास गेमिंगसाठी पैसे घालायचे असतील तर मॅक घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही. पण कामासाठी, कॉलेजसाठी, एडिटिंगसाठी मॅक घेऊन झालाय आणि रात्री जेवण झाल्यावर तासभर काहीतरी खेळायचंय, एवढंच असेल तर वर्षभर पुरून उरेल इतकं चांगलं काम मॅकवर आहे. लोक विंडोजची यादी हातात घेऊन मॅकच्या दुकानात शिरतात, म्हणून ते त्यांना दिसत नाही.

एका गेमच्या नावाचा हट्ट

व्हॅलोरंट मॅकसाठी निघालेलाच नाही. त्याची फसवणूक रोखणारी यंत्रणा विंडोजच्या थेट गाभ्यात बसते, त्यामुळे आडवाटेनेही तो मॅकवर येत नाही. काउंटर-स्ट्राइकच्या जुन्या आवृत्तीला मॅकचा पाठिंबा होता, पण २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला तेव्हा तो बनवणाऱ्या व्हॉल्व्हने मॅकला वगळलं. कारणही उघड सांगितलं: डायरेक्टएक्स ९ (विंडोजचं जुनं ग्राफिक्स तंत्र) ची जुनी ग्राफिक्स कार्डं, जुन्या ३२-बिट सिस्टिम आणि मॅक हे सगळे मिळूनही खेळणाऱ्यांत एक टक्का भरत नव्हते. रॉकेट लीगने मार्च २०२० मध्येच मॅकवरचा ऑनलाइन खेळ बंद केला. ऑगस्ट २०२० मध्ये फोर्टनाइटची कंपनी एपिक आणि ॲपल यांचं वाजलं आणि फोर्टनाइटचे मॅकवरचे अपडेट थांबले. जीटीए ५ तर कधी आलाच नाही.

थोडक्यात, दहा जणांनी मिळून ऑनलाइन गोळीबार करायचा हा प्रकार मॅकवर जवळपास संपलेला आहे. तो सोडून द्या, डोक्याचा ताप निम्मा होईल.

उरतं ते वेगळ्या जातीचं. पाळीपाळीने चाली करायचे डावपेचाचे गेम, कथेवर चालणारे मोठे गेम, आणि लहान स्टुडिओंचे गेम. सिव्हिलायझेशन ६, क्रुसेडर किंग्ज ३, रिमवर्ल्ड, फॅक्टोरिओ, स्ले द स्पायर, बलाट्रो, स्टारड्यू व्हॅली, हेडीज, डिस्को एलिझियम, रिटर्न ऑफ द ओब्रा डिन हे सगळे मॅकवर आहेत. होलो नाइटचा पुढचा भाग सिल्कसाँग सप्टेंबर २०२५ मध्ये विंडोजबरोबर त्याच दिवशी मॅकवर आला. बाल्डर्स गेट ३ आहे, नो मॅन्स स्काय आहे, सायबरपंक २०७७ जुलै २०२५ पासून आहे.

एकेक गेम शोधण्यापेक्षा स्टुडिओ धरा. मॅकसाठी एकदा काढणारा बहुतेक वेळा पुन्हा काढतो. पॅराडॉक्सचे राज्य-साम्राज्याचे गेम, सुपरजायंटचे गेम, फुटबॉल मॅनेजरची मालिका या घरांचा मॅकशी जुना संबंध आहे. दुसऱ्यांचे गेम मॅकवर आणून देणाऱ्या दोन कंपन्या तर हाच धंदा वर्षानुवर्षं करताहेत: लंडनची फेरल इंटरॅक्टिव्ह आणि टेक्ससमधल्या ऑस्टिनची ॲस्पायर, दोन्ही १९९६ च्या. टूम रेडर, टोटल वॉर, एलियन: आयसोलेशन हे फेरलचं काम. फेरलच्या साइटवर कुठल्या मॅकवर कोणता गेम चालतो ते मॉडेलच्या वर्षासकट दिलेलं असतं. इतका स्वच्छ तपशील मूळ कंपन्यासुद्धा देत नाहीत.

उलटही लक्षात ठेवा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये स्विच आणि विंडोजवर आला, मॅकवर नाही. चार-दोन माणसं वाढवून आणखी एका सिस्टिमची चाचणी करत बसणं लहान स्टुडिओला परवडत नाही. म्हणून आपल्या गावचा असला तरी आधी बघा, मग पैसे द्या.

सफरचंदाचं चिन्ह बघून पैसे मोजणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या नावाखाली सफरचंदाचं चिन्ह दिसलं की लोक डोळे मिटून विकत घेतात. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच, की कधीतरी मॅकसाठी फाइल तयार झाली होती. ती आज तुमच्या मशीनवर उघडेल की नाही हे चिन्ह सांगत नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आली आणि ॲपलने ३२-बिट प्रोग्रॅम एका झटक्यात बंद केले. ज्या गेमना ६४-बिटचा अपडेट मिळाला नाही ते तिथेच मेले. पोर्टल २ आणि हाफ-लाइफ २ ही व्हॉल्व्हची स्वतःची रत्नं त्यात गेली, मग इतरांची काय कथा. त्याच्या आदल्या वर्षी ॲपलने ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स तंत्रावरचा हातही काढून घेतला होता. ते अजून चालतं, पण त्यावर बांधलेल्या जुन्या गेमची कुणी विचारपूस करत नाही.

म्हणून सेल लागला की घाई करू नका. पानाच्या तळाशी जा, 'सिस्टिम रिक्वायरमेंट्स'मध्ये मॅकओएसची टॅब उघडा. तिथे 'कॅटालिना किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर चालत नाही' अशा अर्थाची सूचना आहे का ते आधी पाहा. प्रोसेसरपुढे नुसतं 'इंटेल कोअर आय५' लिहिलं असेल, तर गेम ॲपलच्या एम मालिकेच्या चिपवर रोझेटाच्या (इंटेलचे प्रोग्रॅम या चिपला समजावणारं ॲपलचं सॉफ्टवेअर) भाषांतरातून चालेल किंवा चालणारही नाही. 'ॲपल एम१' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर जीव भांड्यात. मग अभिप्रायांकडे वळा, पण सरसकट सगळे वाचू नका. अभिप्रायांत 'मॅक' शोधा आणि गेल्या वर्षभरातले तेवढे वाचा. ॲपलगेमिंगविकी नावाचा फुकट कोश आहे, त्यात एकेक गेम थेट चालतो, रोझेटावर चालतो की क्रॉसओव्हर (विंडोजचे गेम मॅकवर चालवणारं ॲप) लागतं, याचं कोष्टक मिळतं.

एवढं करूनही फसलात तर स्टीम पैसे परत देतं: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर. मेख अशी, की डाउनलोडचा वेळ त्यात धरत नाहीत, पण लाँचर (गेमआधी उघडणारी खिडकी) उघडा राहिलेला वेळ आणि पहिल्यांदा 'शेडर' (चित्रं रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना गेलेली वीस मिनिटं धरली जातात. त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासातच सेटिंग, आवाज, सेव्ह झालेला गेम पुन्हा उघडतो का, हे सगळं तपासून घ्या. नायकाच्या नाकाचा आकार नंतर ठरवा.

चुकीच्या दुकानातून घेणं

रेसिडेंट ईव्हल व्हिलेज मॅकवर आहे असं ऐकून कुणी स्टीमवर घेतला तर हाती विंडोजचाच गेम पडतो. मॅकची आवृत्ती फक्त ॲपलच्या ॲप स्टोअरवर आहे. रेसिडेंट ईव्हल ४ आणि डेथ स्ट्रँडिंगचंही तेच. उलट सायबरपंक स्टीम किंवा गॉग या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात आधी घेतलेला असेल तर त्याची मॅक आवृत्ती वेगळे पैसे न देता मिळते.

दोन्हीकडे मिळत असेल तर मी डोळे झाकून स्टीम किंवा गॉग सांगेन. उद्या घरात विंडोजचा पीसी आला तर तोच गेम त्यावर उतरतो. ॲप स्टोअरवर घेतलेला ॲपलच्या घराबाहेर पडत नाही. अपवाद आयफोन-आयपॅडवरही तोच गेम खेळणाऱ्यांचा. रेसिडेंट ईव्हल ४ एकदा घेतला की तिन्हीकडे चालतो.

आठ जीबी विसरणं

ॲपल सिलिकॉनच्या, म्हणजे एम मालिकेच्या चिपच्या, मॅकमध्ये ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नसते. त्याच आठ जीबीत सिस्टिम, क्रोमचे तीस टॅब, स्लॅक आणि गेमची चित्रं, सगळ्यांनी दाटीवाटीने बसायचं. सायबरपंकची किमान अटच १६ जीबीची आहे, ८ वाल्यांनी तो नाद सोडावा. बाल्डर्स गेट ३ ला डिस्कवर सुमारे १५० जीबी जागा लागते. २५६ जीबीच्या मॅकबुकमध्ये त्यानंतर फारसं काही मावत नाही. बाहेरची एसएसडी लावणार असाल तर ती एपीएफएसमध्ये, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या पद्धतीत, फॉरमॅट करा. एक्सफॅटवर स्टीमची लायब्ररी ठेवली की कधी अपडेट अडकतो, कधी गेम उघडतच नाही.

गेम अडखळायला लागला की लोक आधी ग्राफिक्स 'लो' करतात. आधी रिझोल्यूशन उतरवा. एम१ एअरचा पडदा २५६० बाय १६०० चा आहे आणि बरेच गेम बिनधास्त तेवढ्यावरच सुरू होतात. १४४० बाय ९०० केलं तर चिपला एक तृतीयांशाहूनही कमी ठिपके रंगवावे लागतात, आणि १३ इंची पडद्यावर फरक मुश्किलीने दिसतो.

तरीही थांबत थांबत चालत असेल तर ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून 'मेमरी प्रेशर'चा आलेख पाहा. हिरवा असेल तर दोष मेमरीचा नाही. पिवळा झाला तर ब्राउझर बंद करा. लाल असेल तर तो गेम त्या मशीनचा नाही. आलेख हिरवा आहे पण वीस-पंचवीस मिनिटांनी वेग पडतो, असं एअरवर होत असेल तर गरमीचा मामला आहे. एअरला पंखाच नाही, तापली की चिप स्वतःच दम खाते. एप्रिल-मेमध्ये नागपूर-जळगावच्या दुपारी तर विचारूच नका. गेममध्येच फ्रेम ३० वर बांधून टाका, मशीन शांत राहतं. आणि गादीवर ठेवून खेळू नका.

मॅकओएस सोनोमापासून मॅकमध्ये गेम मोड (चालू गेमला प्राधान्य देणारी सोय) आहे, पण तो गेम पूर्ण पडद्यावर असेल तेव्हाच लागतो. खिडकीत खेळणाऱ्यांना त्याचा काही उपयोग नाही. ब्लूटूथ कंट्रोलर उशिरा ऐकतोय असं वाटत असेल तर हे पहिलं तपासा.

विंडोजचे गेम ओढूनताणून चालवताना

बूट कॅम्पचे (मॅकवर थेट विंडोज बसवायची जुनी सोय) व्हिडिओ बघणं थांबवा. एम१ आणि पुढच्या कुठल्याही मॅकवर ते नाहीच. मॅकच्या आतच विंडोज उघडणाऱ्या पॅरलल्समध्ये एआरएमची (ॲपलच्या चिपच्या जातीच्या चिपसाठीची) विंडोज ११ चालते आणि जुने, हलके गेम त्यात बरे पळतात, पण डायरेक्टएक्स १२ मागणारा गेम तिथे अडतो. क्रॉसओव्हर विंडोज न टाकताच गेम उघडायचा प्रयत्न करतं. ते विकतचं आहे, पण १४ दिवस फुकट वापरता येतं. आधी त्यांच्या साइटवर गेमचा शेरा बघा, मग त्या चौदा दिवसांत स्वतः चालवून बघा, आणि पैसे त्यानंतर.

'व्हिस्की' हे फुकट ॲप बरेच जण अजून सुचवतात. त्याचं काम २०२५ मध्ये थांबलं, त्यामुळे नव्या गेमसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. ॲपलने २०२३ मध्ये काढलेलं गेम पोर्टिंग टूलकिट मुळात गेम बनवणाऱ्यांना चाचणीसाठी दिलेलं आहे. टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करण्यात रमणाऱ्यांनी जरूर हात मारावा, बाकीच्यांना क्रॉसओव्हरमध्ये तेच तंत्र तयार मिळतं.

क्रॅक केलेली डीएमजी (मॅकवर ॲप बसवायची) फाइल मात्र नको. 'आधी टर्मिनलमध्ये ही ओळ टाका आणि पासवर्ड द्या' असं लिहिलेलं दिसलं की खिडकी बंद करा. खऱ्याखुऱ्या लहान स्टुडिओचा गेम मॅकने अडवला तर त्यासाठी सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त खाली 'ओपन एनीवे'चं बटण असतं. मॅकओएस सिकोयापासून कंट्रोल-क्लिक करून उघडायची जुनी युक्ती चालत नाही.

आणि लॅपटॉप कंपनीचा असेल तर यातलं काहीच करू नका. हिंजवडीतल्या आयटी विभागाला तुमच्या मशीनवर काय काय बसवलंय ते तुमच्याआधी दिसतं.

फुकटचं न बघणं

ओपनटीटीडी, बॅटल फॉर वेसनॉथ, ०ए.डी. हे मुक्त गेम मॅकवर थेट चालतात आणि ८ जीबीला जड जात नाहीत. स्कमव्हीएम टाकलंत तर नव्वदीतले कितीतरी साहसी गेम जिवंत होतात. 'बिनीथ अ स्टील स्काय' तर कायदेशीर फुकट आहे. आयपॅडचे बरेच गेमही ॲप स्टोअरमधून मॅकवर उतरतात, फक्त बनवणाऱ्याने परवानगी दिलेली हवी, आणि बोटाने खेळायचा गेम ट्रॅकपॅडवर कधी कधी पार बिघडतो.

रोझेटाचा हिशेब न ठेवणं

इंटेलसाठी लिहिलेले गेम आज रोझेटा २ मुळे चालताहेत. ॲपलने जून २०२५ मध्ये सांगून टाकलंय, की पूर्ण रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच राहील. त्यानंतर कुणी वाली न उरलेल्या जुन्या गेमपुरता तिचा एक भाग ठेवणार आहेत. कुठले गेम त्यात टिकतील हे आज गृहीत धरू नका.

तुमच्याकडचे कोणते गेम यात येतात ते शोधणं सोपं आहे. स्टीमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक करा, 'मॅनेज'मधून 'ब्राउझ लोकल फाइल्स' उघडा, आत दिसणारं ॲप निवडून कमांड आणि आय दाबा. 'काइंड'पुढे 'युनिव्हर्सल' किंवा 'ॲपल सिलिकॉन' असेल तर तो गेम निवांत राहू द्या. 'इंटेल' असेल, आणि गेम बनवणाऱ्याने दोन-तीन वर्षांत एकही अपडेट दिलेला नसेल, तर तो अर्धवट टाकलेला गेम आधी संपवा आणि मॅकओएसची मोठी आवृत्ती आली म्हणून त्याच रात्री अपडेट दाबू नका.