व्हर्च्युअलबॉक्समधली एक्सपी नव्या पीसीवर नेताय? या चुका टाळा

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या डीटीपीच्या दुकानांत डोकावलात तर नव्या विंडोजच्या पोटात, व्हर्च्युअलबॉक्स या पीसीतच दुसरा आभासी पीसी चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जुनी विंडोज एक्सपी चालताना अजून दिसेल. लग्नपत्रिका एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये. श्रीलिपी आणि नुडीच्या जुन्या फाँटांतली वर्षानुवर्षांची कामं त्या एक्सपीतच नीट उघडतात. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, पण गिऱ्हाइकाला थोरल्याच्या लग्नातली पत्रिकाच धाकट्यासाठी नावं बदलून हवी असते. म्हणून पीसी बदलला की एक्सपी जशीच्या तशी हलवावी लागते.

सगळ्यात महागात पडणारी चूक मी स्वतः केली आहे. मी फक्त .व्हीडीआय फाइल उचलली. एक्सपीची आभासी हार्ड डिस्क म्हणजे ही फाइल, तेव्हा सगळं त्यातच असणार असं वाटलं. नव्या पीसीवर एक्सपी सुरू झाली, पण आत दोन वर्षांपूर्वीचा डेटा! मधली एकही पत्रिका नाही, आणि लग्नसराई तोंडावर. दोन वर्षांपूर्वी मी स्नॅपशॉट घेतला होता, म्हणजे एक्सपीची त्या वेळची स्थिती जपून ठेवली होती. त्या क्षणापासून व्हर्च्युअलबॉक्स मूळ .व्हीडीआयमध्ये काही लिहीत नाही. पुढचे सगळे बदल 'स्नॅपशॉट्स' फोल्डरमधल्या वेगळ्या फायलींत जातात. जुना पीसी पुसला नव्हता म्हणून निभावलं.

तेव्हा .व्हीबॉक्स फाइल (या आभासी पीसीची, म्हणजे 'मशीन'ची सेटिंग्ज), डिस्क आणि स्नॅपशॉट्स असा अख्खा फोल्डर न्या आणि नव्या पीसीवर मशीन मेनूतल्या 'ॲड'ने ती .व्हीबॉक्स उघडा. डिस्क दुसऱ्याच ड्राइव्हवर ठेवली असेल, तर आधी सेटिंग्जच्या स्टोरेजमध्ये तिची जागा बघून घ्या. एक्सपोर्ट करून .ओव्हीए (अख्ख्या मशीनची एकच फाइल) बनवलीत तरी चालतं, पण त्यात आजची स्थिती तेवढी जाते, स्नॅपशॉट मागे राहतात. शिवाय इंपोर्ट करताना जुने मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचे ओळख क्रमांक) ठेवायचा पर्याय निवडा, नाहीतर एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकते.

हलवण्याआधी एक्सपी तिच्याच स्टार्ट मेनूतून बंद करा. 'सेव्ह स्टेट' करून, म्हणजे बंद न करता चालू स्थितीतच गोठवून ठेवलेली मशीन वेगळ्या प्रोसेसरवर पुष्कळदा उठत नाही. मग ती स्थिती टाकून द्यावी लागते, आणि आत सेव्ह न केलेलं कामही जातं.

पेनड्राइव्हवर जागा असूनही फाइल जात नसेल, तर तो बहुधा एफएटी३२ आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट करून घ्या. कॉपी चालू असताना लाइट गेली असेल, तर विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने दोन्ही प्रतींचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) ताडून बघा. जुळले नाहीत तर परत कॉपी करा.

नव्या पीसीवर व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्हीची एरर आली, तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा. मशीन रखडत चालली आणि खाली कोपऱ्यात हिरवं कासव दिसलं, तर हायपर-व्ही, म्हणजे विंडोजची स्वतःची आभासी पीसी चालवणारी सोय, आड येतोय. सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं यूएसबी डोंगल सापडत नसेल, तर डिव्हाइसेसमधल्या यूएसबीत त्यावर टिक करा. शेअर्ड फोल्डरचा मार्गही नव्या ड्राइव्हप्रमाणे बदलावा लागतो.

जुना पीसी लगेच विकू नका. एक मराठी आणि एक कन्नड पत्रिका नव्या पीसीवर उघडा, दोन नावं बदला, प्रिंट काढा. जोडाक्षरं आणि ओत्तक्षरं (कन्नडमधली खाली जोडली जाणारी अक्षरं) जागच्या जागी आली, की मगच जुनी डिस्क पुसायला घ्या.