कुजलेला 'राक्षस' ओळखायचा कसा?

किनाऱ्यावर किंवा रानात विचित्र कलेवर सापडले की 'हे कशासारखे दिसते?' हा प्रश्न सगळ्यात आधी सुचतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. आधी विचारायचे ते वेगळेच: यातले काय काय गळून गेले आहे? कुजताना शरीराचे भाग ठरावीक क्रमाने जातात. जबडा, केस, माशाचे पर (पोहण्याचे वल्ह्यासारखे अवयव), नाकाचा मऊ भाग नाहीसा झाला की उरलेला आकार मूळ प्राण्याशी जुळत नाही. मग कोणाला त्यात लांब मानेचा सागरी सरडा दिसतो, तर कोणाला चोच असलेले श्वापद.

हात लावण्याआधी

रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्या आणि मास्क घाला, आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूने जवळ जा. जमिनीवरचे जनावर फुगलेले असेल आणि नाकातोंडातून न गोठलेले काळपट रक्त येत असेल, तर ते अँथ्रॅक्स (माणसालाही होणारा घातक संसर्गजन्य रोग) असू शकते. त्याला चिरू नका, हलवू नका, लगेच पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवा. फुगलेल्या देवमाशात सुरी घालू नका. 2004 मध्ये तैवानमधल्या ताइनान शहरात ट्रकवरून नेताना एका स्पर्म व्हेलचे कलेवर आतल्या वायूने भर रस्त्यात फुटले होते. देवमाशाचे दात किंवा हाडे उचलून नेणे अनेक देशांत गुन्हा आहे, तेव्हा नमुन्यासाठीही परवानगी लागते हे धरून चाला.

फोटो आणि मापे

फोन कलेवराला चिकटवून काढलेला फोटो जवळचा भाग अवास्तव मोठा दाखवतो. दोन-तीन मीटर मागे या, थोडे झूम करा आणि भिंग कलेवराच्या मध्यावर काटकोनात धरा. मोजपट्टी कलेवराला लागून, त्याच पातळीत ठेवा. पुढे धरलेली पट्टी प्राण्याला लहान दाखवते, मागे ठेवलेली मोठा. दोन्ही बाजू, वरून, डोके, शेपूट, प्रत्येक पाय किंवा पर, दात आणि टाळू असे वेगवेगळे फोटो घ्या. लांबी सरळ रेषेत मोजा, शरीराच्या वळणांवरून नाही, आणि कुठून कुठपर्यंत मोजली तेही लिहा.

समुद्रातले मोठे कलेवर

इथे पहिला संशयित बास्किंग शार्क. हा मासा साधारण 7 ते 9 मीटर, क्वचित त्याहून मोठा होतो. त्याच्या प्रचंड जबड्याचा आणि कल्ल्यांच्या कमानींचा कवटीशी असलेला जोड सैल असतो. कुजताना हा सगळा भाग एकदम गळून पडतो आणि कण्याच्या टोकाला कवटीची छोटीशी पेटी उरते: लांब मान, लहान डोके! शार्कचा कणा शेपटीच्या फक्त वरच्या पाळीत शिरतो, म्हणून आधार नसलेली खालची पाळी झडते आणि सापासारखी निमुळती शेपूट राहते. छातीचे आणि पोटाचे पर पायांसारखे दिसतात. नर असेल तर समागमाचे दोन अवयव ही पायांची तिसरी जोडी वाटते. 1808 मध्ये ऑर्कनी बेटांतल्या स्ट्रॉन्से इथे लागलेल्या 'सहा पायांच्या' प्राण्याचे कोडे असेच सुटले. त्याचे जपून ठेवलेले मणके शार्कचे आहेत.

1977 मध्ये न्यूझीलंडजवळ झुइयो मारू या जपानी जहाजाच्या जाळ्यात सुमारे 10 मीटर लांबीचे, 1,800 किलोंचे कलेवर आले. फोटो पाहून जगभर प्लेसिओसॉरची (डायनोसॉरच्या काळातला लांब मानेचा सागरी सरपटणारा प्राणी) चर्चा झाली. मासळी नासू नये म्हणून ते परत समुद्रात टाकले, पण जहाजावरच्या एकाने पराचे काही शृंगी (शिंगासारखे चिवट) तंतू काढून ठेवले होते. त्यांतली अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) बास्किंग शार्कच्या परातल्या तंतूंशी जवळजवळ तंतोतंत जुळली. फोटोंनी वाद पेटवला, मूठभर तंतूंनी तो मिटवला. नमुना घेण्याचा आमचा आग्रह आहे तो यामुळेच.

जागेवर करायची सर्वांत खात्रीची परीक्षा मणक्याची. शार्कचा मणका कूर्चेचा असतो, दोन्ही तोंडांनी खोलगट, आणि खळग्यात एकात एक वर्तुळे दिसतात. धारदार सुरी त्यात शिरते. मोठ्या हाडमाशांचे मणकेही खोलगट असतात, पण टणक, आणि त्यांना काटे जोडलेले असतात. देवमाशाच्या मणक्याची तोंडे सपाट, हाड जाळीदार आणि तेलकट, बाजूला रुंद पंखे. वयाने लहान असलेल्या देवमाशात तोंडावरची चकती सुटी होऊन येते. परातही फरक दिसतो. देवमाशाच्या परात दंडाचे हाड, पुढच्या हाताची दोन हाडे आणि बोटांची पेरे सापडतात, शार्कच्या परात कूर्चेच्या कांड्या आणि शृंगी तंतू. प्लेसिओसॉर म्हणायचे तर चार वल्ह्यांत टणक हाडे आणि सुळकेदार दातांची हाडाची कवटी दाखवता आली पाहिजे.

हाडच नसलेला, पांढुरका, रबरासारखा चिवट गोळा सापडला तर तो बहुधा देवमाशाच्या कातडी-चरबीतले कोलॅजनचे (त्वचेला चिवटपणा देणारे प्रथिन) जाळे असते. सांगाडा निसटतो, तेल झिरपून जाते, जाळे उरते. फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन इथे 1896 मध्ये मिळालेला गोळा आधी महाकाय ऑक्टोपस ठरवला गेला होता. पुढच्या तपासणीत तो देवमाशाचा निघाला. चिलीत 2003 मध्ये आलेला सुमारे 13 टनांचा गोळा डीएनएवरून स्पर्म व्हेलचा ठरला. अशा गोळ्यावरची 'पांढरी लोकर' हाताळून पाहा. खरा केस मुळासकट एकेकटा उपटता येतो. कोलॅजनचा तंतू उपटत नाही, खालच्या मांसापर्यंत चिरत जातो.

जमिनीवरचे कलेवर: आधी दात

पाण्यात राहिलेल्या जनावराची वरची त्वचा सुटते आणि केस पुंजक्यांनी निघून येतात. नाकाचा मऊ भाग गेला की वरच्या जबड्याचे उघडे हाड चोचीसारखे दिसते. न्यूयॉर्क राज्यातल्या मॉन्टॉक किनाऱ्यावर 2008 मध्ये सापडलेला 'राक्षस' हा रॅकून (अमेरिकेतला छोटा सस्तन प्राणी) होता. पनामात 2009 मध्ये गाजलेले गुळगुळीत 'भूत' म्हणजे केस गेलेला स्लॉथ (झाडांवर राहणारा संथ प्राणी).

केस आणि रंग दगा देतात, दात सहसा नाही. मात्र पटाशीचे दात एकाच मुळाचे असल्याने लवकर पडतात, म्हणून पडलेल्या दातांच्या खोबण्याही धरून मोजा. एका बाजूला वर 10, खाली 11, एकूण 42: कुत्रा, लांडगा, कोल्हा, कोयोटी (उत्तर अमेरिकेतला छोट्या लांडग्यासारखा प्राणी). वर-खाली 10-10, एकूण 40: रॅकून. वर 8, खाली 7, एकूण 30: मांजर आणि तिची बहुतेक मोठी भावंडे. वर पुढे दातच नाहीत, खाली आहेत: गाय, शेळी, हरीण. पुढे छिन्नीसारखे दात आणि मागे मोठी मोकळी जागा: उंदीर-घुशींचे कुळ, वरच्या दातांमागे आणखी एक छोटी जोडी असेल तर ससा. पिल्लू असेल तर दुधाच्या दातांमुळे हा हिशोब चुकतो, त्यामुळे दाढा अर्धवट फुटलेल्या आहेत का ते आधी बघा.

केस नाहीत, कातडी राखाडी, जाड, सुरकुतलेली, पाठीच्या कण्यावर थोडे केस शिल्लक: ही लूत आहे. सूक्ष्म किड्यांमुळे केस जातात, उपासमारीने अंग आक्रसते, त्यामुळे डोके आणि कान मोठे भासतात. 2007 मध्ये टेक्सासमधल्या क्युरो इथला 'चुपाकाब्रा' (जनावरांचे रक्त शोषणारा दंतकथेतला प्राणी) डीएनएत कोयोटी निघाला. लुतीचे किडे माणसालाही खाज आणतात, हातमोजे विसरू नका.

'माणसाचा हात' सापडला तर पोलिसांना कळवाच, पण अस्वलाचा सोललेला पंजा फार फसवतो. कातडीबरोबर नखे निघून जातात आणि उरलेला सांगाडा हातासारखा दिसतो. अस्वलाचे सर्वांत मोठे बोट बाहेरच्या बाजूला असते.

एक डोळा आणि त्यावर सोंडेसारखा कोंभ असलेले मेलेले कोकरू किंवा डुक्कराचे पिल्लू हा जन्मदोष आहे. गाभण मेंढीने गर्भाच्या चौदाव्या दिवसाच्या सुमारास व्हेराट्रम कॅलिफॉर्निकम ही वनस्पती खाल्ली तर असे कोकरू जन्मते.

वाळवलेली 'जलपरी' किंवा 'ड्रॅगन' मिळाल्यास टाके, वार्निश आणि कापलेल्या कडा शोधा. पाकट माशाच्या पोटाकडची नाकपुड्यांची छिद्रे डोळ्यांसारखी दिसतात, हेच त्यामागचे कसब. एक्स-रेत तार आणि लाकूड उघडे पडते.

नमुना

एक घनसेंटिमीटरच्या आसपास स्नायू किंवा कातडी घ्या, शक्यतो आतून, जिथे ऊन लागलेले नाही. 95 टक्के इथेनॉलमध्ये बुडवा, नमुन्याच्या किमान पाचपट द्रव ठेवा. कमी द्रवात ऊतींतल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होते आणि कुजणे थांबत नाही. फॉर्मलिन वापरू नका, त्याने डीएनए निकामी होतो. फार कुजले असेल तर दात किंवा घट्ट हाड कोरडे ठेवा, केस मुळासकट कागदी पाकिटात. दोन वेगळ्या ठिकाणांहून दोन नमुने घ्या आणि मध्ये सुरी स्वच्छ करून ज्योतीवर धरा, नाहीतर अहवालात माणसाचाच डीएनए येतो आणि नवी अफवा जन्मते. तारीख, ठिकाण आणि शरीराचा भाग पेन्सिलीने कागदावर लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाका; शाई इथेनॉलमध्ये विरघळते.