इंग्रजीचे अवघड शब्द डोक्यात टिकवायची युक्ती

दहावीच्या इंग्रजीचे शब्द पोरगी यादी करून घोकायची आणि तिसऱ्या दिवशी सगळं साफ. मग जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या (पाठ कोरीच असते ना).

१. एका बाजूला शब्द, मागे मराठी अर्थ नाही, घरचंच वाक्य इंग्रजीत. 'स्केअर्स'ला (दुर्मिळ) गणपतीतली एसटीची सीट, 'अबंडंट'ला (भरपूर) बांगडा मातीमोल झाला तो दिवस, 'पेरिशेबल'ला (नाशवंत) बर्फ नसलेली मासळीची पाटी, ही तर ती विसरूच शकत नाही, वासासकट आठवते.

२. रोज पाचच. शाळेत जाताना एसटीत बघायच्या, आलेली चिठ्ठी आठवड्याने, अडलेली उद्याच परत.

फक्त स्पेलिंग नुसतं बघू नका, लिहून काढा, शेवटी ए-बी-एल-ई की आय-बी-एल-ई इथेच मार्क जातात.