कुंभाचे कॅमेरे: विरोधाला उतरण्याआधीची तयारी

सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी नाशिकमध्ये लागणाऱ्या कॅमेऱ्यांना विरोध करायचा असेल, तर मागणी आधी कागदावर, एका वाक्यात उतरवा. नुसतं ‘कॅमेरे नकोत’ घेऊन इंदिरानगरला किंवा सिडकोत कुणाच्या दारात उभे राहिलात, तर पहिला प्रश्न सोनसाखळी चोरांचा येईल आणि दुसरा २००३ चा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. २७ ऑगस्ट २००३ ला पर्वणीच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून जास्त भाविक गेले. ज्यांनी तो दिवस पाहिला, त्यांना गर्दीवर लक्षच ठेवू नका असं सांगणं बरोबर नाही. म्हणून मागणी नेमकी हवी. माझ्या मते ती अशी: चेहरा ओळखणारी यंत्रणा या शहरात नको, सिंहस्थासाठी लावलेले कॅमेरे शेवटच्या पर्वणीनंतर ठरलेल्या मुदतीत उतरवा, आणि जे कायम राहतील त्यांची नियमावली महासभेत खुल्या चर्चेने ठरवा.

गर्दी मोजायला कुणाचं नाव कळावं लागत नाही. रामकुंडाकडे येणाऱ्या गल्लीत माणसं किती झाली एवढं समजलं की लोंढा दुसरीकडे वळवता येतो. त्याच कॅमेऱ्यामागे चेहरे जुळवणारं सॉफ्टवेअर बसलं की त्याचं काम पार बदलतं, आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला असलं तरी ते काम तिथे थांबत नाही. साधू आपापल्या आखाड्यांत परततील, कॅमेरे आपल्याकडेच राहतील. प्रयागराजचं उदाहरणही जवळ ठेवा. तिथे २०२५ मध्ये एआय कॅमेऱ्यांचा मोठा गाजावाजा होता, तरीही २९ जानेवारीच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली आणि सरकारी आकड्यानुसारच ३० जण गेले.

मागणी ठरली की माहिती जमवायला घ्या. यातच सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून सुरुवात लवकर करा. करार कोणी केला, पैसे कोणी दिले, चित्रीकरण कोणाकडे साठतं आणि बंद कॅमेरा दुरुस्त कोण करतं, या चार प्रश्नांची उत्तरं एकाच कार्यालयात मिळतीलच असं नाही. महापालिका, स्मार्ट सिटी कंपनी, पोलीस आयुक्तालय आणि राज्य सरकारची माहिती तंत्रज्ञान कंपनी महाआयटी अशा चौघांकडे माहिती अधिकाराचे वेगवेगळे अर्ज करा. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं ही त्यांची जबाबदारी आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो दीडशे शब्द, तेव्हा लांबलचक पार्श्वभूमी गाळा. ‘का लावले’ असं विचारू नका, कागद मागा: निविदा, कराराची प्रत, चित्रीकरण किती दिवस ठेवायचं याचा आदेश, ते कोणाला पाहता येतं याची कार्यपद्धती, सॉफ्टवेअरच्या खरेदीत चेहरा ओळखण्याची सोय आहे का ते दाखवणारं पान. प्रत्येक अर्जाची पोच तारखेच्या शिक्क्यासह घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं. सुरक्षेचं कारण देऊन सगळंच नाकारलं, तर कलम १० दाखवा: जेवढं उघड करता येतं तेवढं वेगळं काढून द्यावंच लागतं. डेटा संरक्षण कायद्यामुळे माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ञ) बदललं आहे, वैयक्तिक माहिती नाकारणं आता सोपं झालंय. म्हणून कुणा अधिकाऱ्याबद्दल काही विचारू नका, यंत्रणेबद्दलच विचारा.

सोबत नकाशा. रविवारी सकाळी दोघादोघांनी एकेक भाग वाटून घ्या: पंचवटी, शालिमार, द्वारका, कॉलेज रोड, सातपूर, नाशिक रोड. खांब कुठला, कॅमेऱ्याचं तोंड कुठे, स्थिर की फिरता, एवढंच टिपा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या ऑनलाइन नकाशावर अशा नोंदी करता येतात. नोटांचा छापखाना, सिक्युरिटी प्रेस आणि देवळालीच्या तोफखान्याचा परिसर मात्र पूर्ण वगळा, तिथे वही उघडायचीच नाही. खासगी दुकानांचे कॅमेरे वेगळ्या रंगात दाखवा, कारण तुमची मागणी त्यांच्याविरुद्ध नाही. नकाशा भरला की कुठल्या वस्तीत कॅमेरे दाट आहेत आणि कुठे विरळ, ते नीट पाहा. इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये २०१० साली मुस्लीमबहुल वस्त्यांभोवती दोनशेहून अधिक कॅमेरे बसवले गेले. लोकांना सांगितलं नेहमीच्या गुन्ह्यांसाठी, पैसा मात्र दहशतवादविरोधी निधीतला निघाला. रहिवाशांनी तो धागा धरून ठेवला आणि पुढच्याच वर्षी कॅमेरे उतरवावे लागले. कॅमेरा वाईट की चांगला या वादापेक्षा पैशाचा माग तिथे कामी आला. आपल्याकडेही निविदेचं पान भाषणापेक्षा जास्त काम करील असं मला वाटतं.

दारोदारी जाण्याआधी आकड्यांची तयारी हवी, आणि ती प्रामाणिक हवी. कॅमेऱ्याने काहीच होत नाही असं म्हणू नका, ते खरं नाही. २०१९ मध्ये चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेऱ्यांच्या भागात गुन्हे सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसले, सर्वाधिक परिणाम वाहनतळांवर. हिंसक गुन्ह्यांवर ठळक परिणाम दिसला नाही. हे जसंच्या तसं सांगा. मग चेहरा ओळखण्याकडे या: दिल्ली पोलिसांच्या यंत्रणेची अचूकता दोन टक्केच असल्याचं २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं गेलं. २०२२ मध्ये त्याच पोलिसांनी माहिती अधिकारात कळवलं की ८० टक्क्यांच्या वर साम्य दिसलं की चेहरा जुळला असं ते मानतात. चुकीच्या माणसाला चौकशीला बोलावलं तर त्याचा कामाचा दिवस जातो आणि गल्लीत नाव खराब होतं, ते कोण भरून देणार? हे ऐकून बायका सर्वांत आधी विचारात पडतात. रात्री स्टँडवरून परतताना कॅमेरा असावा असं त्यांनाच वाटतं, आणि आपलं येणं-जाणं कोण बघत बसलंय हेही त्यांनाच टोचतं. त्यांचं म्हणणं आधी ऐका, पत्रक नंतर काढा. अंधाऱ्या रस्त्यांवर दिवे आणि रात्रीची गस्त यांची मागणी त्यांच्याकडून आली तर ती पत्रकात वर घ्या.

कायद्याचा आधार थोडक्यात पाठ असू द्या. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. २०२३ च्या डेटा कायद्यावर मात्र फार भरवसा ठेवू नका, सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची तरतूद कलम १७ मध्येच आहे. हैदराबादचे कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांनी चेहरा ओळखण्याविरुद्ध तेलंगणा उच्च न्यायालयात याचिका केली आहे. ती नाशिकच्या वकिलाला आधी वाचायला द्या.

मग राजीव गांधी भवन, म्हणजे महापालिकेचं मुख्यालय. प्रभागाच्या नगरसेवकांना एकेकट्याने भेटू नका, सह्यांचं निवेदन घेऊन पाच-सात जण जा, त्यात एक दुकानदार आणि एक ज्येष्ठ नागरिक असू द्या. ‘तुमचं काय मत’ असं न विचारता ‘महासभेत हा प्रस्ताव मांडाल का’ असं विचारा आणि उत्तर तिथेच लिहून घ्या. तपोवनातली झाडं तोडू नयेत म्हणून २०२५ च्या अखेरीस लोक रस्त्यावर आले ते पक्ष न बघता. हरकती लेखी गेल्या, म्हणून प्रशासनाला उत्तरं द्यावी लागली. इथेही पक्षाचा झेंडा नको.

सभा किंवा फेरी काढण्याआधी पोलीस आयुक्तालयाचा मनाई आदेश चालू आहे का ते बघा, परवानगीचा अर्ज आधी द्या आणि त्याचीही पोच ठेवा. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, कापड टाकायचं नाही, वायर तोडायची नाही. हे पहिल्या बैठकीत सगळ्यांकडून वदवून घ्या. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा एक गुन्हा दाखल झाला की महिन्यांची मेहनत बाजूला पडते आणि बातमी त्या खांबाची होते. सह्यांच्या यादीचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. लोकांनी फोन नंबर विश्वासाने दिलेले असतात, ते कागद एकाच कपाटात आणि त्याची किल्ली दोघांकडेच. अपिलांच्या तारखांची वही तिसऱ्याकडे द्या, आणि तो गावाला गेला तर चौथ्याचं नाव आजच ठरवा.