ज्वारीत दोन तणनाशकं एकत्र मारायच्या आधी

ॲट्राझीन आणि टू-फोर-डी ही ती दोन तणनाशकं. पंप भरण्याआधी रानात चक्कर मारा आणि वाकून बघा. गाजर गवत, माठ, कुंजरू, काय उगवलंय आणि किती पानांचं झालंय? दोन-तीन पानांवरचं तण ॲट्राझीनला दबतं, त्यापुढे गेलेलं रुंद पानाचं तण टू-फोर-डीला. अरुंद पानाचं गवतच माजलं असेल तर टू-फोर-डीचा पैसा वाया.

मग धुऱ्यापलीकडे बघा, खरा धोका तिथंच आहे. रब्बी ज्वारी वीतभर होते तेव्हा शेजारी तूर-कापूस उभे असतात. वाऱ्यावर गेलेल्या टू-फोर-डीने कापसाची पानं भेंडीच्या पानागत चिरत जातात, आणि मग भांडण पंचायतीपर्यंत. टू-फोर-डीचा एस्टर प्रकार ऑक्टोबरच्या उन्हात वाफ होऊन उडतो, म्हणून सोडियम किंवा अमाईन सॉल्टच घ्या. स्वतःच्याच ज्वारीत तूर, करडई, हरभरा आंतरपीक असेल तर फवारणीचा विषयच सोडा, खुरपं काढा.

दोन्ही पाकिटांवर ज्वारीचं नाव आणि एकत्र मारायला परवानगी हवी. नसेल तर वेगवेगळं मारा. मात्रा लेबलचीच. हिशोब असा: हेक्टरी अर्धा किलो सक्रिय ॲट्राझीन (पाकिटातला खरा औषधी भाग) म्हणजे 50 टक्के पावडर एकरी 400 ग्रॅम. एकरी 200 लिटर पाणी धरलं तर 15 लिटरचे तेरा-साडेतेरा पंप, पंपाला 30 ग्रॅम. दुकानदार म्हणेल, सोबत टॉनिक आणि अळीचं औषधही टाका. हो म्हणा, टाकू मात्र नका.

आदल्या दिवशी काचेच्या बाटलीत त्याच प्रमाणात मिश्रण करून अर्धा तास ठेवा. गाठी झाल्या, दह्यासारखं फाटलं तर बेत रद्द. पंपात टाकताना आधी पावडरची पातळ पेस्ट, मग टू-फोर-डी, आणि मधूनमधून हलवत राहा; ॲट्राझीन तळाला बसतं.

ज्वारी वीतभराच्या आसपास असावी. गुडघ्यावर गेली तर थांबा, पोटरीत (कणीस अजून पोटात असताना) तर नकोच. जमिनीत ओल, सकाळची शांत हवा, फ्लॅट फॅन (पंख्यासारखा चपटा फवारा देणारं) नोझल, कमी दाब. हातमोजे, मास्क आहेतच.

फवारल्यावर आठवडाभर कोळपं घालू नका, टू-फोर-डीने ताटं ठिसूळ होतात, धक्क्याने मोडतात. हिरवा चारा जनावरांना कधी घालायचा तेही लेबलवर असतं. पंप धुऊन तो तणनाशकालाच ठेवा, त्यावर रंगाने खूण करा, म्हणजे सालगडी पुढच्या आठवड्यात तोच उचलून कापसात जाणार नाही.